चित्र येतंय, आवाज नाही

दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक अजूनही माझ्या खांद्यावरून मागं डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणते, "मिस्त्री इथंच आहेत, बोला." मग ते थोडा वेळ हातातला रिमोट तसाच धरून उभं राहतं. नाशिकरोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान इतकी वर्षं आहे की जुन्या लोकांना आता त्याचं काही वाटत नाही. ते शालनताई म्हणतात, टीव्ही टेबलावर ठेवतात आणि भाजी आणायला जातात. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला आधी गमतीच आठवल्या. टीव्हीच्या डब्यात संसार मांडलेली उंदरीण, रिमोटमध्ये सेल उलटे घालून भांडायला आलेले निवृत्त साहेब. पण लिहायला बसले तर मनात साळवेकाकाच येऊन बसले, आणि ते काही उठेनात. तेव्हा त्यांचंच लिहिते.

त्याआधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

पूर्वी लोक यायचे ते चित्राची तक्रार घेऊन. मुंग्या येतात, पट्टा वरून खाली फिरतो, सगळी माणसं हिरवी दिसतात, बातम्या देणारी बाई उभी ताणली जाते. आवाज गेला म्हणून घाईनं टीव्ही घेऊन आलेलं माणूस क्वचित. आवाज नसला तरी लोक क्रिकेट बघायचे, "आठवड्यानं आणतो ताई" म्हणायचे. चित्र गेलं की मात्र सगळं घर दारात उभं. आवाज म्हणजे चित्राबरोबर फुकट येणारी वस्तू, असा आमच्या लोकांचा समज, आणि टीव्ही बनवणाऱ्यांचाही तोच असावा. टीव्ही जसा पातळ होत गेला तसे त्याचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून बसले. तुमच्यासाठी असलेलं बोलणं तो आता भिंतीला सांगतो.

हल्ली टीव्ही उघडायचं काम फारसं उरलं नाही. पॅनल गेलं की टीव्ही गेला. माझं निम्मं काम आता जोडणीचं झालं आहे. कुणाला लॅपटॉपमधलं लग्न टीव्हीवर बघायचं असतं, कुणाला मुलीचा परदेशातला पदवीदान समारंभ. फोनवर एकच वाक्य येतं, "ताई, चित्र येतंय, आवाज येत नाही."

त्याचं कारण साधं आहे. हल्लीच्या लॅपटॉपला जी चपटी वायर लागते, एचडीएमआय म्हणतात ती, तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. जुन्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. त्याला निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए वायर लागते, आणि ती फक्त चित्र नेते. आवाज तिला माहीतच नाही. आता जुना लॅपटॉप नव्या टीव्हीला जोडायचा तर मध्ये एक डबी लागते, काडेपेटीएवढी. तिला अडॅप्टर म्हणतात. एका बाजूनं निळी वायर, दुसऱ्या बाजूनं चपटी. डबीच्या कडेला बारीकसं गोल भोक असतं. लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकातून एक छोटी वायर आणून तिथं घालायची, म्हणजे आवाज वेगळ्या वाटेनं डबीत येतो आणि पुढं चित्राबरोबर टीव्हीत जातो. लोकांना ते भोक दिसत नाही, आणि दिसलं तरी ती छोटी वायर खोक्याबरोबर फेकलेली असते.

कधी याच्या उलटही होतं. येवल्याच्या एका पैठणीवाल्यांनी दुकानात मोठा टीव्ही लावला होता. लॅपटॉपमधले पदरांचे नमुने गिऱ्हाइकांना टीव्हीवर दाखवायचे. वायर नवी, म्हणजे चित्राबरोबर आवाजही आपसूक टीव्हीत जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एका दुपारी मालकांनी मागच्या खोलीत बसून लॅपटॉपवर मेहुण्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सुनेच्या माहेरच्या माणसांबद्दल मोकळेपणानं बोलले. मेहुणे काय म्हणाले ते बाहेर पैठण्या बघत बसलेल्या बायकांनी मोरांच्या पदरासकट ऐकलं. मला बोलावलं तेव्हा मालक म्हणाले, "ताई, आवाज तेवढा कापून टाका." लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं, त्यावर जाऊन आवाज कुठं पाठवायचा ते निवडता येतं. मी ते निवडून दिलं. मालक म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच असतं बहुतेक वेळा.

साळवेकाकांचंही एवढंच आहे असं मला वाटलं होतं.

काका आमच्याच भागात, जेलरोडच्या एका कॉलनीत राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. कान तिथंच गेले. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, तरी समोर बसून मोठ्यानं बोलावं लागतं. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई सुरगाण्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होत्या. बदलीचा अर्ज त्यांनी कधी मनापासून केला नाही असं काका सांगतात. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायच्या, तिथं खोली करून राहायच्या, शनिवारी दुपारी शाळा सुटली की मिळेल त्या जीपनं निघायच्या. नोकरी संपेपर्यंत दोघांचा संसार रविवारचाच झाला. मी बाईंना ओळखत होते. टीव्ही दुरुस्तीला आणला की मी आतलं काय काय काढते ते उभ्या राहून बघायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि मी सांगितलेलं दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगायच्या.

बाई गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. काकांची एकुलती एक मुलगी अनिता पुण्याला बँकेत आहे. तिचा फोन आला.

"शालनताई, जयभीम. उद्या आईचा पहिला स्मृतिदिन आहे. तुम्ही यायचंच आहे, पण त्याआधी आज दुपारी एकदा येऊन जाल का? टीव्हीवर लॅपटॉप लावलाय. चित्र येतंय, आवाज येत नाहीये."

मी पिशवी घेऊन गेले. बैठकीच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाईंचा फोटो मांडून ठेवला होता, हार अजून यायचा होता. काका टीव्हीसमोर खुर्ची अगदी जवळ ओढून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. स्मृतिदिन उद्या होता, पण ते आजच तयार होते.

अनितानं मला स्वयंपाकघरात नेऊन काय ते सांगितलं. बाईंच्या निवृत्तीला शाळेनं मोठा निरोप समारंभ केला होता. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं आली होती. बाईंनी भाषण केलं. जन्मभर वर्गात बोललेली बाई, पण व्यासपीठावरून बोलल्या त्या एवढ्या एकदाच. काका त्या समारंभाला जाणार होते, शर्टसुद्धा शिवला होता. त्या सकाळी केंद्रातला वीजनिर्मितीचा एक संच बंद पडला आणि काकांना निघता आलं नाही. समारंभाचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं. कॅसेट फार उशिरा आली. तोवर घरातला व्हीसीआर मोडीत गेला होता. पुढं कुणीतरी तिची सीडी करून दिली, अनितानं ती या जुन्या लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवली, आणि लॅपटॉप कपाटात गेला.

"तुम्ही कुणीच बघितलं नाही कधी?" मी विचारलं.

"आईलाच लाज वाटायची. लावू का म्हटलं की म्हणायची, मी घरात नसताना बघा. मग राहूनच गेलं." अनिता गॅसकडे बघत म्हणाली. "आता बाबांनी धरलंय, उद्या सगळ्यांना तिचं भाषण ऐकवायचं. आणि मोबाइलवर त्यांना ऐकू येत नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला तर येतं."

लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर कधीच गेला होता. अनितानं डबी पुण्याहून बरोबर आणली होती. तिच्याबरोबरची छोटी वायर इअरफोनची असेल म्हणून तिथंच राहिली होती. माझ्या पिशवीत तशा वायरी पडलेल्याच असतात. मी एक टोक लॅपटॉपला लावलं, दुसरं डबीला. काही नाही. लॅपटॉपच्या भोकात वर्षांची धूळ होती. फुंकर मारली, पिन आत घालून गोल फिरवली. टीव्हीतून घुर्र असा आवाज आला. आमच्या धंद्यात घुर्र म्हणजे शुभशकुन. वाट मोकळी आहे, पलीकडं कुणीतरी आहे. पिन अजून थोडी दाबली तशी घुरघुर थांबली. लॅपटॉपच्या कर्ण्यावर बोट ठेवलं, टीव्हीतून टण् असा स्वच्छ आवाज आला.

काका खुर्चीत पुढं सरकले. "ऐकू आलं," म्हणाले.

अनितानं फाइल उघडली. टीव्हीवर शाळा आली. कौलारू इमारत, पुढं मांडव, आंब्याच्या डहाळ्या, जमिनीवर बसलेली मुलं. आणि सनईवर एक सिनेमाचं गाणं सुरू झालं. सुरुवातीला असं असतंच. नावं येतात, गुलाबाची फुलं गोल गोल फिरतात. शाल, श्रीफळ, सत्कार झाले. गाणं संपून दुसरं लागलं, बासरीवर. मग शकुंतलाबाई उठल्या, पदर नीट केला, माइकसमोर आल्या. त्यांचे ओठ हलायला लागले.

बासरी चालूच होती.

अनितानं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं, तरी हात उगाच पिनेकडे गेला. काकांनी कानातलं यंत्र बोटानं चाचपलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बासरी मोठी झाली. अजून वाढवला. खोलीतली भांडी थरथरायला लागली.

"गाणं बंद करा की," काका म्हणाले. "तिचं ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पुन्हा सांगितलं, "शालनताई, गाणं तेवढं बंद करा."

धंद्यात मी पुष्कळांना पुष्कळ काही सांगितलं आहे. पिक्चर ट्यूब गेली, पॅनल गेलं, आता यात जीव नाही. हे सांगायला मला जीभ उचलेना. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सावकाश सांगितलं, "काका, गाणं आणि बाईंचा आवाज असे दोन आवाज यात नाहीत. शूटिंगवाल्यानं बाईंचा आवाज काढून तिथं गाणं भरलंय. तेव्हा तशीच पद्धत होती. गाणं बंद केलं तर काहीच उरणार नाही."

त्यांनी ते ऐकून घेतलं. टीव्हीवर बाई बोलतच होत्या, एक हात माइकच्या दांडीवर ठेवून.

"काहीच उरणार नाही ना," काका म्हणाले. "मग बंदच करा. आणि पहिल्यापासून लावा."

आवाज आणायला आलेली बाई मी, मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. अनितानं भाषणाची सुरुवात पुन्हा लावली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. काका टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या चष्म्यात बाई दिसायला लागल्या. मग ते बोलायला लागले, एकसुरी, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं.

"सरपंच… गुरुजी… आणि माझ्या मुलांनो. मला बोलता येत नाही."

अनिताच्या हातातला कप तसाच राहिला. मलाही क्षणभर कळलं नाही. नंतर काकांनी सांगितलं, टर्बाइनच्या मजल्यावर शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. सगळी नोकरी त्यांनी एकमेकांच्या ओठांवर काढली. कोण काय बोलतोय ते लांबच्या टोकावरून ओळखायचे, शिव्यांसकट.

"मी इथं आले तेव्हा शाळेला दार नव्हतं. रात्री शेळ्या येऊन… बसायच्या." काका वाचत होते. "सकाळी आधी लेंड्या काढायच्या, मग अ आ ई." मध्येच त्यांचं बोलणं तुटायचं, कारण शूटिंगवाला बाईंवर थांबायचाच नाही. कॅमेरा हारावर जायचा, पाहुण्यांच्या बुटांवर जायचा, बाईंचा चेहरा बदामाच्या आकारात लहान होऊन कोपऱ्यात जायचा. काका तेवढा वेळ गप्प बसायचे. बाई परत आल्या की पुन्हा सुरू. "तुमच्या आयांनी मला नागलीची भाकरी… थापायला शिकवलं. माझी अजून… मोडते."

एक म्हातारा माणूस बाईच्या तोंडची भाषा बोलत होता, मी आले, मी शिकले, आणि आम्हा कुणाला ते विचित्र वाटत नव्हतं. अनिता भिंतीला टेकून खाली बसली होती.

शेवटाकडे बाई जरा थांबल्या, डाव्या बाजूला कुणाच्या तरी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. काका वाचायला लागले, "आमचे हे… आज येणार होते. आले नाहीत. पण…"

आणि कॅमेरा फिरला. मांडवातली माणसं दिसली. सगळी हसत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, एक धोतरवाला म्हातारा मांडीवर हात मारत होता, पोरं मोठी माणसं हसताहेत म्हणून हसत होती. कॅमेरा परत आला तेव्हा बाईंनी हात जोडले होते आणि भाषण संपलं होतं.

"मागं घ्या," काका म्हणाले.

पुन्हा "पण" पर्यंत आलं आणि पुन्हा माणसं हसली. काकांनी ते किती वेळा लावायला सांगितलं ते मी मोजलं नाही. अनितानं शेवटी लॅपटॉपवर हात ठेवला, म्हणाली, "बाबा, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि जवळच्या माणसांना बसवून काकांनी तो व्हिडिओ आवाज बंद करूनच दाखवला. ते शेजारी उभे राहून वाचत गेले. "पण" आलं तसे थांबले आणि म्हणाले, "याच्या पुढचं मिळालेलं नाही." सुरगाण्याहून बाईंच्या शाळेतले तेव्हाचे मुख्याध्यापक जीप करून आले होते. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. वयानं काकांच्याच बरोबरीचे, हातात काठी. मांडवात पहिल्या रांगेत हसताना ते स्वतः दिसत होते.

काकांनी त्यांना बाजूला बसवलं. "गुरुजी, तुम्ही हसताय त्यात. काय म्हणाली होती ती?"

गुरुजींनी खूप आठवून बघितलं. "बाई फार छान बोलल्या होत्या," म्हणाले. "हसलो होतो, हे पक्कं आठवतं. साहेब, पोट धरून हसलो होतो."

"कशाला हसलात?"

गुरुजी काठीची मूठ फिरवत राहिले. मग म्हणाले, "बहुतेक लाइटीवर काहीतरी होतं. म्हणजे… साहेब अख्ख्या राज्याला वीज देतात, पण आमच्या शाळेत बल्ब काही लागत नाही, असं काहीसं…"

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. हळूच म्हणाले, "गुरुजी, आठवत नसेल तर राहू द्या. बनवू नका."

गुरुजींचे डोळे भरले. "नाही आठवत हो," म्हणाले. "तेव्हा वाटलं नव्हतं की लक्षात ठेवायला लागेल. शूटिंग चालू होतं ना."

मला त्या शूटिंगवाल्याचा पत्ता गुरुजींकडूनच मिळाला. कुणी मला जा म्हणून सांगितलं नव्हतं. पण व्हिडिओवर गाणी भरली तरी मूळ कॅसेट वेगळी असते, आणि तिच्यात बाईंचा आवाज असतो, हे मला ठाऊक होतं. ती कुठं माळ्यावर पडलेली असली तर ती चालवायला लागणारं मशीन मी कुठूनही आणलं असतं. सुटीच्या दिवशी एसटीनं गेले. त्याच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माणूस पन्नाशी ओलांडलेला, बोलायला भला. समारंभ त्याला आठवत होता.

"मूळ कॅसेट?" तो म्हणाला. "ताई, ती कुठून राहायची? तीच पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो. नव्या कॅसेटा घ्यायची ऐपत व्हती का आपली?"

"आणि आवाज का काढला? भाषण होतं ते."

"अहो, समदे गाणीच मागायचे. मूळ आवाजात असतंय काय? वारा, पोरांचा कालवा, माइकची शिट्टी. तसंच ठेवलं तर लोक म्हनायचे, यानं मिक्सिंग केलंच नाय, निस्ती कॅसेट आणून दिली." मग म्हणाला, "त्या बाईंनी मला बी शिकवलंय, ताई. चांगलीतली चांगली बासरी लावली व्हती म्या त्यांना."

मी त्याच्याकडे चहा घेतला आणि परत आले. एसटीत बसल्या बसल्या वाटत राहिलं की तो खोटं काहीच बोलला नाही. आम्ही सगळे चित्राचीच माणसं. त्यानं चित्राला फुलं लावली, मी जन्मभर चित्रातल्या मुंग्या काढल्या. बोलणं काय, आहेच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

काकांना सांगायला गेले. दुपारची वेळ होती, अनिता पुण्याला परत गेली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मांडव, माणसं, हसणं. मी समोर बसून, ओठ नीट हलवून सांगितलं की मूळ कॅसेट पुसली गेली आहे.

"वाटलंच होतं," काका म्हणाले. त्यांनी व्हिडिओ थांबवला. पडद्यावर धोतरवाला म्हातारा मांडीवर हात मारायच्या बेतात तसाच राहिला.

"त्या दिवशी मी ड्यूटीवरून घरी आलो," ते सांगायला लागले. "ती माझ्याआधी पोचली होती. सतरंजीवर हार, शाल, सगळं मांडून ठेवलेलं. मला काही बोलली नाही. सत्काराचा नारळ माझ्या हातात दिला, म्हणाली, फोडा. मी फोडला. खोबरं खाल्लं आम्ही. मला वाटलं, रागावलीय. आणि ते वाटणं गेलंच नाही कधी. पुढं इतकी वर्षं एकत्र राहिलो, रविवारचं नाही, रोजचं, तरी मधेच कधी ती गप्प बसली की वाटायचं, त्या दिवसाचंच असेल."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"आता बघतोय तर लोक हसताहेत. तुम्ही सांगा, शालनताई. रागानं बोलली असती तर माणसं अशी हसली असती का?"

"नाही, काका. अशी नसती हसली."

"मलाही तसंच वाटतं," म्हणाले, आणि पडद्याकडे बघत बसले.

मला राहवलं नाही. त्यांचं लक्ष माझ्याकडे येईपर्यंत थांबले आणि विचारलं, "पण काका, तुम्ही बाईंनाच कधी का नाही विचारलं? काय बोललीस म्हणून?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. प्रश्न त्यांना नीट कळला होता.

"कॅसेट येणार होती ना," काका म्हणाले. "म्हटलं, त्यात ऐकू."